कारण आणि कृपा

श्रोते हो, घट दिसला की कुंभार असलाच पाहिजे, हे न्यायशास्त्र आम्ही पाठशाळेत घोकले. फ्रान्सचा लाप्लास १८१४ साली त्याच्याही पुढे गेला : आजची सारी स्थिती ज्या बुद्धीला कळेल, तिला उद्याचे काहीच अज्ञात राहणार नाही.

आता रेडियम पाहा. त्याचे निम्मे अणू सुमारे १६०० वर्षांत फुटतात, हा हिशेब चुकत नाही. पण दोन अगदी सारखे अणू घ्या. एक आज फुटतो, दुसरा हजार वर्षे तसाच बसतो. आजच का? पदार्थविज्ञानाचे प्रचलित मत सांगते, त्याला वेगळे कारणच नाही.

“मग महाराज, कर्मफळही खोटे?” नाही बाबा! अणूच्या फुटण्यावरून कर्माचा निकाल लागत नाही. आणि त्या रिकाम्या जागेत देवही कोंबू नका. उद्या शास्त्राने ती भरली, तर देवाला कुठे नेणार? आमचा विठोबा विटेवर उभा आहे, फटीत नव्हे.

घ्यायचे ते एवढेच : सारे जाणीन हा अभिमान शास्त्रानेही खाली ठेवला, आपणही ठेवावा. वारीला निघताना आई लेकराला कारण विचारीत नाही, तशी माऊलीही विचारीत नाही.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!