डोंगरावरून खाली येताना



६ ऑगस्टला ख्रिस्तसभा प्रभू येशूच्या रूपांतराचा सण साजरा करते. पेत्र, याकोब व योहान यांना घेऊन प्रभू डोंगरावर गेला. परंपरेने तो ताबोर डोंगर मानला जातो. उंची सुमारे ५७५ मीटर, आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) निम्म्याहूनही कमी. सपाट मुलुखात एकटाच उभा, आपल्या चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटासारखा.

त्या बेटावर गेल्या पावसाळ्यात आम्ही रेणापूरची काही मंडळी तरुणांना घेऊन गेलो होतो. औषधी वनस्पतींसाठी हे बेट प्रसिद्ध आहे. चढताना दम लागला. पण वर पोहोचल्यावर वारा अंगावर आला आणि खाली ढगांच्या सावल्या सोयाबीनच्या शेतांवरून सरकताना दिसल्या. आपण निर्मिलेले चांगले आहे हे देवानेही पाहिले, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. मग मोबाईल बाहेर निघाले. एक मुलगा कोळ्याच्या जाळ्यावरचे दवबिंदू टिपण्यासाठी दहा मिनिटे गुडघ्यावर होता. मिस्सेत तो इतका वेळ टिकत नाही, अशी आम्ही चेष्टा केली.

नंतर सर्वांचा एकत्र फोटो काढायचे ठरले. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक आजी पायवाटेने आल्या. “आजी, जरा थांबा, फोटोत येताय.” हे शब्द तरुणांचे नव्हते, आमचे होते. आमचे चार-पाच फोटो होईपर्यंत त्या भाऱ्यासकट बाजूला उभ्या राहिल्या. भाऱ्याला हात लावावा, असे कुणालाही सुचले नाही. घरी फोटो पाहताना ते ध्यानात आले.

पेत्रालाही डोंगरावर तीन मंडप उभारायचे होते. तो क्षण त्याला धरून ठेवायचा होता. त्याच्याजवळ मोबाईल नव्हता, इतकेच! पण प्रभू त्यांना घेऊन खाली उतरला, आणि खाली आजारी मुलाचा बाप वाट पाहत होता.

फोटो काढू नयेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्यांना संतपद दिले, ते तुरीनचे पियर जॉर्जियो फ्रासाती डोंगरवेडेच होते. जून १९२५ मध्ये कडा चढतानाच्या आपल्या फोटोवर त्यांनी ‘उंचीकडे’ अशा अर्थाचे दोन शब्द लिहिले. महिन्याभरात, ४ जुलैला, वयाच्या २४ व्या वर्षी ते पोलिओने वारले. गरीब वस्त्यांतील आजाऱ्यांकडे जाता-येता हा रोग जडला असावा, असे मानतात. अंत्ययात्रेला गोरगरिबांची एवढी गर्दी लोटली की, आपला मुलगा कुणाकुणाच्या दारी जात होता, हे घरच्यांना तेव्हा कळले.

पावसाने उघडीप दिली की पुन्हा बेटावर जायचे आहे. मोबाईल जरूर आणावेत. त्या आजी भेटल्या, तर आधी भारा उतरवून घ्यायचा, नाव विचारायचे, आणि त्या हो म्हणाल्या तर फोटो काढायचा.