मूषकाचा बंदोबस्त

यवतमाळकडे परसात वांगी, रताळी किंवा भुईमूग लावला की काळ्या उंदराशी आणि घुशीशी गाठ पडायचीच. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि उंदरांना आयता आसरा मिळतो. पाऊस लागला की ते धुऱ्यावर येतात, तिथून परसात. तिथलाच माणूस चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीपुढे हात जोडतो आणि घरी येऊन बिळापाशी विषाची गोळी ठेवतो. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, पण मूषकाची पुराणकथाच वेगळं सांगते. क्रौंच नावाचा गंधर्व शापाने उंदीर होतो आणि पराशर ऋषींच्या आश्रमात नासधूस मांडतो. गणपती त्याला पाश टाकून धरतो. मारत नाही, पण मोकाटही सोडत नाही. म्हणजे उंदराचा बंदोबस्त करणं अधर्म नाही. तो कसा करायचा, एवढाच प्रश्न उरतो.

हिंसा टाळून संसार होत नाही, हे आपल्या परंपरेने कधी लपवलेलं नाही. मनुस्मृती गृहस्थाच्या घरातल्या हिंसेच्या पाच जागा सांगते: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. (त्या ग्रंथाशी आपली बाकीची भांडणं रास्त आहेत, पण ही कबुली प्रामाणिक आहे.) त्याची फेड म्हणून रोजचे पाच यज्ञ सांगितले, त्यात इतर जीवांचा वाटाही आला. जैन विचार आणखी काटेकोर आहे: ठरवून केलेली हिंसा गृहस्थाने सोडावी, घरकामातली, व्यवसायातली आणि बचावातली जमेल तेवढी कमी करावी. दोन्हीकडे धरलेलं सूत्र एकच, की आपल्या सोयीची किंमत आपणच मोजायची. विषाची पुडी नेमकी इथे चुकते. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लात मिसळलं की फॉस्फीन वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. आमिष उंदरासाठी ठेवलेलं असतं, पण कोंबडी, कुत्रं आणि रांगतं मूल त्याच अंगणात असतं. रक्त पातळ करणारी विषं तर मेलेल्या उंदरातून घुबडापर्यंत जातात, म्हणजे फुकटचा राखणदारही गेला. दुसऱ्याच्या अंगावर पडणारं विष काय असतं, हे या जिल्ह्याला सांगायला नको. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

यावर शेतकरी म्हणेल, दोन एकरवाल्याला विष टाळायची ही चैन परवडत नाही. हा आक्षेप खरा वजनदार आहे. पण विषाचा हिशेबही तपासावा. थोडं खाऊन वाचलेला उंदीर झिंक फॉस्फाईडला पुन्हा तोंड लावत नाही. जे मरतात त्यांची जागा, खाणं आणि आसरा तसाच राहिला तर, थोड्याच महिन्यांत नवे भरून काढतात. त्यामुळे भिंतीला टेकवलेला पऱ्हाटीचा ढीग हलवणं, धुऱ्यावरचं गवत काढणं, संध्याकाळी बिळं बुजवून सकाळी उघडलेली तेवढी ओळखणं, त्यांत बाभळीचे काटे ठासणं, वाफ्याभोवती हातभर खोल जाळी पुरणं, घुबडांसाठी पक्षीथांबे रोवणं, धामण दिसली तर तिला जाऊ देणं, यांत पैसा फारसा लागत नाही. अंगमेहनत लागते, आणि ती आपली आपणच करतो.

मात्र घरगुती उपाय तेवढा सात्त्विक, असं मानायचं कारण नाही. बिळात मिरचीचा धूर कोंडला तर आतली पिल्लं घुसमटूनच मरतात. पिंजऱ्याचीही एक पळवाट आहे. सेवाग्रामच्या आश्रमात साप धरायचा चिमटा आणि पेटी जपून ठेवली आहे. तिथे साप मारत नसत, पकडून लांब सोडून येत. साप माणसांपासून लांब सोडला तर कुणाचं बिघडत नाही. पकडलेला उंदीर मात्र अनेकदा शेजाऱ्याच्या धुऱ्यावर सोडला जातो आणि वर दयेचं समाधान मिळवलं जातं. त्यापेक्षा आपल्या हाताने, एका घावात मारणारा मला जास्त धार्मिक वाटतो, कारण त्याने निदान बघितलं तरी की आपण काय केलं.