बघणारं कोणी नसताना

एकट्या राहणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. जेवणाचं कसं करता, आणि दिवसभर करता काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सकाळी पेज, दुपारी भात आणि गावलं तर माशाचं कालवण, रात्री दुपारचंच उरलेलं. दुसऱ्याचं उत्तर दिलं की विचारणाऱ्याच्या तोंडावर कीव दिसायला लागते. सकाळी पुळणीवर फेरी मारतो, मोठी ओहोटी असली तर कातळावर कालवं काढतो, संध्याकाळी जेटीवर गरवायला बसतो, पावसात पडवीत बसून हिरांचे खराटे बांधतो आणि रात्री एका वहीत भरती-ओहोटी लिहून ठेवतो. मुंबईहून आलेला एक पाहुणा हे सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तसं काही करत नाही तुम्ही." मी म्हटलं, "बरोबर आहे."

पण तिसरा एक प्रश्न आहे. तो कोणी विचारत नाही, म्हणून मीच मला विचारतो. बघणारं कोणी नसताना माणसानं नीट का वागायचं?

हा प्रश्न पुस्तकातला नाही, आमच्या वाडीतला आहे. खाली समुद्र, वर डोंगर आणि मध्ये आमची अकरा घरं. त्यातली सात घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. त्यांचे माड आहेत, कलमं आहेत, पडीक पडलेली भातखाचरं आहेत. नारळ पडतो तो माझ्या वाटेवर पडतो. बांध आहे तो माझ्या खाचराला लागून आहे. दर वर्षी नांगरताना चार बोटं बांध कोरला तर दहा वर्षांत हातभर जमीन अलीकडे येते, आणि बोरिवलीत बसलेल्या माणसाला ते कळणार नाही. पूर्वी वाडीत शंभर डोळे होते. कोणाच्या परड्यात कोण गेलं ते संध्याकाळच्या आत सगळ्यांना माहीत व्हायचं. आता ते डोळे मुंबईला गेले. गावाची नीती त्या डोळ्यांवर उभी होती की माणसांच्या मनावर, हे आता कळायची वेळ आली आहे.

आम्ही शाळेत असताना गुरुजींनी एक गोष्ट सांगितली होती, ती बहुतेकांना ठाऊक असेल. गुरू शिष्यांना एकेक केळं देतात आणि म्हणतात, कोणी बघत नाही अशा जागी जाऊन खा. कोणी झाडामागे खातो, कोणी खोलीचं दार लावून खातो. एक जण मात्र केळं तसंच परत आणतो. म्हणतो, देव सगळीकडे आहे, तो बघत नाही अशी जागाच मला सापडली नाही. कर्नाटकातले संत कनकदास यांच्या नावानं ही गोष्ट सांगतात. गोष्ट चांगली आहे. पण वय वाढलं तसं मला तिच्यात एक अडचण दिसायला लागली. देव बघतो म्हणून केळं खाल्लं नाही, तर ते पुन्हा डोळ्यांचंच भय झालं. शंभर डोळ्यांच्या जागी दोन मोठे डोळे आले इतकंच. आणि देवळात नारळ फोडून घरी आल्यावर बांध कोरणारी माणसं मी पाहिली आहेत. देव बघतो हे त्यांनाही माहीत होतंच की.

मग दुसरं काय आहे? मला जे थोडंफार कळलं ते या रिकामपणाच्या उद्योगांतून कळलं, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कालवांचं घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. आमच्याकडे त्या दिवसांत ओहोटी पहाटे पाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी पाच-सहाला असते. एरवी पाण्याखाली असलेला कातळ तेव्हा उघडा पडतो आणि त्याला चिकटलेली कालवं दिसतात. ती काढायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे हातोडी घ्यायची आणि शिंपल्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा ठोकून काढायचा. पटापट टोपली भरते. दुसरी म्हणजे कोयतीच्या टोकानं फक्त वरची शिंप उघडायची, आतलं मांस काढून घ्यायचं आणि खालची शिंप कातळालाच राहू द्यायची. याला वेळ लागतो, बोटं कापतात. पण त्या राहिलेल्या जुन्या शिंपेवरच कालवांची नवी पिल्लं येऊन बसतात. गठ्ठा उखडला की बसायची जागाच गेली. हे मला कोणी शिकवलं नाही. एकाच कातळावर पाच-सहा वर्षं जात राहिलो तेव्हा डोळ्यांना दिसलं. आणि एकदा दिसल्यावर हातोडी उचलायला हात धजेना. तिथं पहाटे पाचला बघणारं कोण असतं? एखादी घार आणि मी.

गरवण्याचंही तसंच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यावर गरी घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी अडवत नाही. पण त्या दिवसांत मासळी गाभोळी धरते. मासा चिरला आणि पोटात दोन्ही बाजूंना गाभोळीच्या पिशव्या दिसल्या, की एका कालवणात किती मासे गेले याचा हिशोब शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. आपण बियाण्याचं भात कधी कांडत नाही. मग मी ते दोन महिने गरी आढ्याला लावून ठेवतो आणि खराटे बांधतो. पडलेल्या झावळ्या असतातच. पात सोलून हीर काढायचा, मूठभर झाले की सुतळीनं आवळायचे. एक देवळात, एक शाळेत, बाकीचे मागेल त्याला. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून नारळ समुद्रात सोडला की गरी पुन्हा खाली.

वहीचं मात्र कोणालाच पटत नाही. भरतीचा हिशोब इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी आहे. तिथीला तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. रोज पाऊणएक तास पुढे. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, तो किती होतो ते मी लिहून ठेवतो. त्याचा उपयोग काय, असं विचारलं तर काही नाही. आता छापील तक्तेही मिळतात. पण लिहिता लिहिता पाण्याची चाल अंगात मुरते. रात्री जाग आली की नुसत्या आवाजावरून पाणी कुठवर आलं ते कळतं.

दुर्गाबाई भागवतांनी थोरो नावाच्या अमेरिकन लेखकाचं पुस्तक मराठीत आणलं आहे. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात ते मिळालं. हा माणूस गावापासून मैल-दीड मैलावर, वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी झोपडी बांधून दोन वर्षं दोन महिने एकटा राहिला. लोक म्हणायचे, या तळ्याला तळच नाही. त्यानं हिवाळ्यात बर्फावर जाऊन दोरीला दगड बांधून खोली मोजली. सर्वांत खोल जागी 102 फूट भरली. त्याला तळं विकायचं नव्हतं, त्यात मासे पाळायचे नव्हते. तरी मोजलं. मला त्या दगड-दोरीत माझी वही दिसली.

तर मला जे कळलं ते हे, की ज्याची ओळख झाली त्याची चोरी करवत नाही. कातळाची ओळख झाली म्हणून हातोडी सुटली. माशाची ओळख झाली म्हणून गरी आढ्याला गेली. तिथं धाकही नव्हता आणि पुण्यही नव्हतं.

इथं कोणीही शेतकरी मला अडवेल आणि म्हणेल, काका, हे काही खरं नाही. बांध कोरतो तो अनोळखी माणूस असतो काय? सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात जातात. एका ताटात जेवलेले असतात, त्यांच्याइतकी ओळख कोणाची? हे खरं आहे, आणि याच्यावर मी बरेच दिवस अडून होतो. आता वाटतं की ओळख दोन प्रकारची असते. भावाला भाऊ ओळखतो तो वाट्यासकट ओळखतो. त्याच्याकडे बघताना मध्ये सातबारा असतो. मलाही माझं खाचर बघताना आधी मण दिसायचे, मग भात दिसायचं. जिथं आपला वाटा असतो तिथं नजर आधी वाट्यावर जाते. कातळावर माझं नाव नाही, भरतीत माझा हिस्सा नाही. म्हणून तिथं नजर सरळ जाते. वाटा नसलेली अशी एखादी ओळख माणसाला असावी. तिथं नजरेला वळण लागतं, आणि मग ते वळण हळूहळू घरापर्यंत येतं. शेजारच्या बंद घराचा नारळ उचलून मी त्यांच्या पडवीत टाकतो, त्याची सुरुवात देवळात झाली नाही, पुळणीवर झाली.

पुळणीवर थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर गेलं तर कधी तरी वाळूत ट्रॅक्टरच्या टायरसारखी खूण दिसते. पाण्यातून वर आलेली आणि पुन्हा पाण्यात गेलेली. रात्री कासवीण येऊन गेल्याची ती खूण. वर जिथं वाळू उकरल्यासारखी दिसते तिथं दीडेक फुटावर शंभरच्या आसपास अंडी असतात. एके काळी ही अंडी सर्रास उकरून नेत आणि विकत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं कासवाला संरक्षण आहे, पण किनाऱ्यावर पहाटे कायदा उभा नसतो. तरीसुद्धा वेळासला 2002 पासून गावातलीच माणसं अंडी राखायला लागली, आणि आता किनाऱ्यावर अनेक गावांत कासवमित्र आहेत. सकाळी फिरून घरटी शोधायची, अंडी कुंपणात नेऊन पुरायची, सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं निघाली की पाण्याकडे सोडायची. मला खूण दिसली तर मी त्यांना फोन करतो आणि ते येईपर्यंत कुत्र्यांना हाकलत बसतो. या मुलांत पूर्वी अंडी नेणाऱ्यांच्या घरातलेही आहेत. ती काय एकदम साधू झाली? नाही. पण एकदा ओंजळीएवढं पिल्लू फरफटत पाण्याकडे जाताना पाहिलं की अंड्याचा भाव डोक्यातून जातो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, नाहीतर हे सगळं शहाणपण खोटं ठरेल. मी एकटा आहे. माझी टोपली अर्धी भरली तरी माझं भागतं. शेत पुतण्या करतो, मुलगा महिन्याला पैसे पाठवतो. त्याच कातळावर खालच्या वाडीतली एक आक्का येते, तिच्या घरात पाच तोंडं आहेत आणि कालवं विकून ती मीठ-मिरची आणते. ती घाईत असते. मी तिला एकदा शिंप राखण्याचं सांगितलं तर म्हणाली, "भाऊ, तुमचा वेळ तुमचा हाय. माझा वेळ भरतीचा हाय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरल्या पोटाची नीती उपाशी माणसाला सांगू नये, एवढं मी त्या दिवसापासून धरून आहे. ज्याला कमी लागतं त्यानं आधी हात आखडावा आणि उरलेलं तिच्यासाठी सोडावं. एकट्या माणसाला गावानं दिलेली ही जबाबदारीच समजतो मी. पुढे काही महिन्यांनी पाहिलं, तर तिनं कातळाची एक बाजू न तोडता ठेवली होती. माझ्या सांगण्यानं की तिच्या हिशोबानं, ते मी विचारलं नाही.

आणि बघणारं कोणी नाही हेही पुरतं खरं नाही. दोन दिवस तापानं मी पुळणीवर गेलो नाही, तर तिसऱ्या सकाळी तीच आक्का दारात. "भाऊ, पायांची खूण दिसली नाय, म्हनून आले." म्हणजे कासविणीची खूण मी बघतो तशी माझी खूण कोणी तरी बघत होतं. त्यात धाक नव्हता, हिशोब नव्हता. तिचा माझ्यात काही वाटा नाही, नुसती ओळख आहे.

माझ्या वयाच्या माणसांना मुलं मुंबईला बोलावतात, आणि जावंसं वाटलं तर जरूर जावं. पण कुठंही राहिलात तरी एक काम असं ठेवा ज्यात तुमचा वाटा नाही. झाडावरचं एखादं घरटं असेल, गल्लीतलं कुत्रं असेल, पावसाचं माप असेल. रोज त्याच्याकडे जा, बघा, जमलं तर लिहून ठेवा. त्यातून कमाई काही होणार नाही, लोक रिकामटेकडा म्हणतील. म्हणू द्यावं. सगळं आयुष्य आपण वाट्याच्या नजरेनं बघितलं. उरलेल्या चार वर्षांत तरी सरळ नजरेनं बघून घ्यावं.