न वाजणारा शिंपला

समजा, नाशिकच्या एखाद्या धर्मग्रामातील गायकवृंदात गिटार वाजवणाऱ्या तरुणाने पहिल्या पगारातून गिटारच्या फ्रेटबोर्डवर शिंपल्याचा द्राक्षवेल जडवून घ्यायचे ठरवले. द्राक्षवेल हे आपल्या जिल्ह्याचे वैभव, शिवाय प्रभूने स्वतःला दिलेली उपमा. तेव्हा निवडीला कोणी नावे ठेवणार नाही. पण हे पैसे विन्सेंट दी पॉल सोसायटीच्या पेटीत का जाऊ नयेत, असे घरातले कोणी वडीलधारे विचारल्यावाचून राहणार नाही. प्रश्न जुना आहे आणि तो हसून टाळण्याजोगा नाही.

हे काम मोठे चिकाटीचे. शिंपल्याच्या झळाळत्या थराचे पातळ तुकडे बारीक करवतीने कापायचे, शिसवीच्या पट्टीत नेमकी तेवढीच जागा कोरायची, तुकडा चिकटवायचा आणि बोटाला सांधा जाणवणार नाही इतका घासून सपाट करायचा. ती धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून नाकातोंड बांधून हे सारे करायचे. एवढे करून सुरात मात्र तसूभर फरक पडत नाही! तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या पडद्यापाशी ठिपके असतात. बाराव्यापाशी बहुधा दोन, कारण तेथे तारेची लांबी निम्मी होऊन सूर एका सप्तकाने चढतो. परंतु वाजवणाऱ्याची नजर असते ती पट्टीच्या कडेवरील बारीक ठिपक्यांवर. समोरची नक्षी दिसते ती समोरच्या बाकांवर बसलेल्यांना. मग ती कोणासाठी? दिखाव्यासाठी की भेट म्हणून? वेदीवरची फुलेही इतरांनाच दिसतात, आणि त्यांना आपण दिखावा म्हणत नाही.

आपल्या महाराष्ट्रात वाद्ये सजवण्याची परंपरा मिरजेने जपली. १९ व्या शतकात फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या, घराण्यांत तेथे सतार व तंबोरा घडू लागला. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या जडावकामात एकेकाळी हस्तिदंत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ साली दुरुस्त्या झाल्या आणि हस्तिदंताचा व्यापार बंद पडला. त्याची जागा सेल्युलॉइड व प्लास्टिकने घेतली. तंबोरा पूर्वीसारखाच गोड बोलतो. दोष झळाळीत नव्हताच. ती झळाळी कोणाच्या जिवावर उठत होती, यात होता.

संत योहान क्रिसोस्तोम यांनी याच अंगाने कठोर शब्द ऐकवले. ख्रिस्त गरिबाच्या रूपात दाराशी उपाशी असताना त्याच्या वेदीवर सोन्याचे प्याले मांडून काय मिळवले, असा त्यांचा सवाल होता. मात्र त्यांनी सजावटीला बंदी घातली नाही. आधी भुकेल्याला जेवू घाला, मग वेदी सजवा, असा क्रम लावून दिला. बेथानीत मरियेने ३०० दिनारांचे, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या कमाईचे, सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा गरिबांची आठवण काढली ती यहूदाने. तिने स्वतःजवळचे दिले. हा दुसऱ्याच्या दानाची किंमत करत बसला. म्हणून त्या तरुणाला पेटी दाखवणाऱ्याने आपल्या खिशाकडेही पाहावे. शिवाय जडावकामाचा पैसा हवेत विरत नाही, तो कारागिराच्या चुलीपर्यंत पोहोचतो. निर्गमच्या ग्रंथात तर बसालेलाच्या कारागिरीचे मूळ देवाच्या आत्म्यातच सांगितले आहे.

व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात भपक्याऐवजी उदात्त सौंदर्याचा आग्रह धरला आणि ऑर्गनखेरीज इतर योग्य वाद्यांनाही वाट मोकळी ठेवली. त्याच वाटेने गिटार आपल्या मिस्सेत आली. द्राक्षवेल त्या सौंदर्यात सहज बसतो. तीच पट्टी ठसठशीत अक्षरांत स्वतःचे नाव मिरवू लागली, तर ती घरी वाजवावी. मिस्सेत लोकांनी नाव वाचत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि क्रिसोस्तोमांचा क्रम पाळायचा, तर पगारातला शेजाऱ्याचा वाटा आधी बाजूला निघावा. कारागिराशी दराची घासाघीस मात्र नको. पैसे कमी पडले, तर वेल बाराव्या पडद्यापाशीच थांबवावा.