चेंडू आणि फळी

तालुक्याच्या गावातल्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांची कार्यशाळा ठरली : व्हिडिओ गेम कसा तयार करायचा. शिकवणार होता शाळेचाच माजी विद्यार्थी, आता पुण्यात गेम बनवण्याच्याच नोकरीत. गावच्या पोरांना आपल्याजवळचं सगळं द्यायचं, या ओढीने त्याने रात्री जागून आराखडा लिहिला. इंजिनची ओळख, त्रिमितीय आकृत्या, प्रकाश, ध्वनी, अगदी गेम बाजारात कसा आणायचा तेही.

वही घेऊन तो गणिताच्या बाईंकडे गेला. संगणक कक्ष त्यांच्याच ताब्यात होता. त्यांनी सगळी पानं वाचली.

"पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुलांनी काय केलेलं असेल?"

"संकल्पना कळलेल्या असतील, बाई."

"म्हणजे तू बोललेला असशील. त्यांनी काय केलेलं असेल?"

तो गप्प राहिला.

"बरं, तुला स्वतःला पहिल्यांदा काय जमलं होतं?"

"पडद्यावर चेंडू उड्या मारायचा, एवढंच."

"मग तो चेंडू या वहीत कुठे आहे?"

परतताना त्याला अ‍ॅलन अल्कॉर्न आठवला. १९७२ साली अटारी कंपनीत नव्याने लागलेल्या या इंजिनिअरने तोवर एकही गेम केलेला नव्हता. कंपनीचा सहसंस्थापक नोलन बुशनेलने त्याला हात बसावा म्हणून सोपं काम दिलं : दोन फळ्या, एक चेंडू आणि गुण. अल्कॉर्नने ते केलं आणि वर स्वतःची भर घातली. फळीचे आठ भाग पाडले. चेंडू ज्या भागावर आपटेल त्याप्रमाणे त्याचा कोन बदलायचा. डाव लांबला की चेंडूचा वेग वाढायचा. हाच 'पाँग'. सनीवेलच्या एका बारमध्ये ठेवलेलं पहिलं यंत्र थोड्याच दिवसांत बंद पडलं, कारण नाण्यांची पेटी गच्च भरली होती. काम एवढंसं होतं म्हणूनच अल्कॉर्नला भर घालायला जागा उरली, असं मला वाटतं.

घरी येऊन त्या माजी विद्यार्थ्याने आराखडा नव्याने लिहिला. सकाळी संगणक बंदच. दोघांत एक सापशिडीचा पट, एक नियम बदलायचा आणि खेळून बघायचं. मग स्क्रॅच, म्हणजे आज्ञांचे ठोकळे जोडून गेम बनवायचं सॉफ्टवेअर. पडदा ४८० रुंद, ३६० उंच, मध्यभागी शून्य. डावीकडे गेलं की ऋण संख्या. बाईंना हे फार आवडलं. सहावीच्या पोरांना ऋण संख्या चालताना दिसणार होत्या.

प्रत्यक्षात सगळं सुरळीत झालं नाही. सहावीतल्या एका मुलीचा चेंडू फळीतून आरपार जाऊ लागला. माउस घ्यायला त्याने हात पुढे केला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांब. शोधू दे तिला."

वेळ लागला. जोडीदाराशी वादही झाला. मग तिला दिसलं की फळीला चेंडू लागला का, हे संगणक सुरुवातीला एकदाच तपासतोय. तिने तो ठोकळा 'सतत करत राहा'च्या आत सरकवला आणि चेंडू उसळला. थोड्या वेळाने तिची फळी दर टोल्याला आखूड होऊ लागली.

"हे का केलंस गं?"

"सोपं झालं की कंटाळा येतो, दादा."

याच मुद्द्यावर त्याच्या जुन्या वहीत तासाभराचं व्याख्यान होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं एकमेकांचे गेम खेळत होती, आणि ज्याचा गेम असेल तो शेजारी उभा राहून नियम समजावत होता.

तुम्हीही अशी कार्यशाळा घेणार असाल, तर आराखड्यातली प्रत्येक ओळ मुलं काय करतील, याची लिहा. आणि स्क्रॅच आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. ते मोफत आहे आणि नेटशिवाय चालतं.