कायकात उणे नको, अधिक नको

सद्भक्तहो, २०२० सालच्या टाळेबंदीत कचेरी घरात आली, ती कित्येक घरांतून अजून गेलेली नाही. मुलगा दुपारी संगणकापुढे बसतो, रात्री उशिरापर्यंत काम करतो. वडील म्हणतात, "दहाच्या ठोक्याला हजेरी नाही, अंगात धड सदरा नाही; ही कसली नोकरी?" मुलगा म्हणतो, "काम पुरे केले की झाले!" यात खरे कोणाचे?

बाराव्या शतकात कल्याणनगरीत आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचण्याचे कायक करीत. त्यांना हजेरीपट नव्हता. शरणचरित्रांत येते की, एकदा ते अनुभवाच्या चर्चेत रमले आणि कायक विसरले. पत्नी लक्कम्मांनी आठवण करून दिली. पुढे एकदा ते नित्याहून अधिक तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी अधिकाचे परत टाकून यावयास सांगितले. कायकात उणे नको, घेण्यात अधिक नको, ही त्या माउलीची कसोटी.

तीच आपण लावू. दहाला खुर्चीत बसून बारापर्यंत वर्तमानपत्र वाचणे, हे कायकातले उणेच. घरी बसून सोबत्याला उत्तरासाठी ताटकळत ठेवणे, हेही उणेच. आणि नोकर घरीच आहे म्हणून मध्यरात्री त्याला काम सांगणारा मालक अधिकाचे तांदूळ घरी नेतो.

म्हणून वडिलांनी घड्याळाचा व मुलाने सोयीचा आग्रह थोडा सोडावा. रात्री इष्टलिंग तळहाती घेताना प्रत्येकाने स्वतःस विचारावे : आज माझ्या पदरात उणे किती, अधिक किती?

शरणु शरणार्थी.