बिनखुणेची गाडी

सहा ओळी आणि सहा रकाने. छत्तीस चौकोन, काही काळे, काही पांढरे, आणि सगळ्यांभोवती एक जाड काळी चौकट. मिशिगन विद्यापीठातले एडविन ओल्सन यांनी यंत्रांना वाचता याव्यात म्हणून ‘एप्रिलटॅग’ नावाच्या ज्या खुणा तयार केल्या, त्यातली ही एक नेहमीची जात. असा छापील चौकोन गाडीच्या टपावर चिकटवला की वर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनचा कॅमेरा आधी चौकट हुडकतो, मग आतले चौकोन वाचून गाडीचा क्रमांक आणि तिचं तोंड कुठे आहे ते सांगतो. छत्तीस चौकोनांच्या 6,800 कोटींहून अधिक नक्ष्या होऊ शकतात. या जातीत वापरायला घेतल्या त्या फक्त 587. कोणत्याही दोन नक्ष्या शेजारी ठेवल्या, कशाही फिरवल्या, तरी त्यांच्यात निदान 11 चौकोनांचा फरक राहिलाच पाहिजे, अशी अट घातली म्हणून एवढ्याच उरल्या. चिखल उडाला, सावली पडली, चार-पाच चौकोन चुकीचे वाचले गेले, तरी एका गाडीला दुसरी समजण्याची चूक होऊ नये, यासाठी कोट्यवधी नक्ष्या सोडून दिल्या.

ही काळजी मला फार मोलाची वाटते. पण हा सगळा हिशेब खूण असलेल्या गाडीपुरता आहे. जिच्या टपावर काहीच नाही, तिच्याबद्दल त्यात एक ओळही नाही, आणि मला बोलायचं आहे ते तिच्याविषयी.

आकाशातून खूण वाचणं तसं अवघड. बाजारात मिळणाऱ्या उत्तमातल्या उत्तम उपग्रहचित्रात एक ठिपका जमिनीवरचे साधारण 30 सेंटिमीटर व्यापतो. म्हणजे दीड मीटर रुंदीच्या टपावर जेमतेम पाच ठिपके. त्यात चौकोन कसले वाचणार? कॅमेरा ड्रोनवर बसवून खाली आणला, ठिपका दोन सेंटिमीटरचा झाला, की टपावर 75 ठिपके मिळतात आणि खूण बोलू लागते.

पण लष्कराला ती सगळ्यांशी बोलायला नको असते. म्हणून खुणा लपवल्या जातात. एक पट्टी अशी असते की दिवसा ती साध्या कापडासारखी दिसते. रात्री तिच्यावर इन्फ्रारेड झोत पडला की नाइट व्हिजन चष्म्यातून लख्ख चमकते. दुसरी खूण मला जास्त विलक्षण वाटते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तापलेली गाडी पांढरी दिसते. तिच्यावर एक विशिष्ट पातळ पत्रा लावतात. हा पत्रा स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही; आरशासारखा समोरच्या आकाशाचा गारवा परतवतो. मग तापलेल्या गाडीवर एक थंड काळा चौकोन उमटतो. हात लावला तर पत्रा गाडीइतकाच गरम, पण कॅमेऱ्याला तो आभाळाचा तुकडा दिसतो.

या शोधांमागे दुःख आहे. जुलै 1943 मध्ये सिसिलीवर छत्रीधारी सैनिक उतरवायला निघालेल्या 144 अमेरिकी विमानांवर दोस्तांच्याच तोफांनी मारा केला आणि 23 विमानं पाडली. पुढच्या वर्षी नॉर्मंडीला निघताना दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे रंगवले, ते ही आठवण ताजी असताना. 1991 च्या आखाती युद्धात लढताना मरण पावलेल्या सुमारे दीडशे अमेरिकी सैनिकांपैकी 35 जण आपल्याच माऱ्यात गेले.

मार्च 2003 मध्ये बसऱ्याजवळ जे घडलं, ते तर खूण असूनही घडलं. ब्रिटिश घोडदळाच्या चिलखती गाड्यांवर वरून दिसाव्यात अशा नारिंगी पट्ट्या होत्या. अमेरिकेच्या दोन ए-10 विमानांच्या वैमानिकांना त्या दिसल्याही. पण या भागात आपलं कुणी नाही असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मग ते नारिंगी काय असेल? नारिंगी रॉकेटं असतील, असं त्यांनी आपसात ठरवलं आणि मारा केला. एक ब्रिटिश सैनिक मरण पावला, काही जखमी झाले. ब्रिटनमधल्या चौकशीत 2007 साली हा मृत्यू बेकायदा ठरवला गेला.

इथे तंत्रज्ञ म्हणतात: खूण वाचण्याचं काम माणसाकडून काढून घ्या. यंत्राच्या मनात आधीपासून काही बसलेलं नसतं. चौकोन दिसला की ते क्रमांक सांगतं. हे म्हणणं खरं आहे आणि त्याने जीव वाचतील, याबद्दल मला शंका नाही.

अडचण पुढे आहे. विमानं ओळखण्याची जी जुनी रेडिओ पद्धत आहे, तिच्यात जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो आणि विमानातलं यंत्र सांकेतिक उत्तर देतं. उत्तर आलं तर विमान आपलं. आलं नाही, तर इतकंच कळतं की उत्तर आलं नाही. यंत्र बंद असेल, बिघडलं असेल, विमान प्रवाशांचं असेल. ही पद्धत फक्त मित्र ओळखते. शत्रू ओळखण्याची ताकद तिच्यात मुळातच नाही. टपावरच्या खुणेचंही तसंच. तरीही घाईच्या क्षणी ‘उत्तर नाही’ याचा अर्थ ‘शत्रू’ असा होतो. 27 फेब्रुवारी 2019 ला काश्मीरमधल्या बडगामवर आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, त्यात नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. जमिनीवरचा एक नागरिकही गेला. ही आपली मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं.

तांबड्या क्रॉसची गोष्ट वेगळी आहे. ती खूण उघडी आहे. शत्रूलाही माहीत असावी म्हणूनच ती ठरवली. ती सगळ्यांकडे संरक्षण मागते. गुप्त खूण फक्त आपल्यांकडे मागते. दूधवाला, पाण्याचा टँकर, वऱ्हाडाची जीप यांना ती हवी असली तरी मिळणार नाही, कारण वाटली की ती गुप्त राहत नाही. आणि उघडी खूणही पाहणाऱ्याच्या यंत्राला दिसली पाहिजे. 1 एप्रिल 2024 च्या रात्री गाझात ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’च्या तीन गाड्यांवर इस्रायली ड्रोनने मारा केला. सात जण मेले. रस्ता लष्कराला आधी कळवलेला होता, टपांवर संस्थेचं चिन्ह होतं. इतर चुकांबरोबर लष्कराच्या चौकशीत हेही निघालं की रात्री ड्रोनच्या कॅमेऱ्याला ते चिन्ह दिसतच नव्हतं.

उलट बाजू मुंबईने पाहिली आहे. ‘कुबेर’ ही पोरबंदरची खरीखुरी, रीतसर नोंद असलेली मासेमारी नौका होती. नोव्हेंबर 2008 मध्ये तिच्यावरून जे दहा हल्लेखोर मुंबईपर्यंत आले, त्यांनी ती तिच्या खलाशांसकट पळवली होती. वरून कुणी पाहिलं असतं, कागदही तपासले असते, तरी बोट आपलीच निघाली असती. खूण वाहनाची असते, आत कोण बसलंय हे ती सांगत नाही.

म्हणून माझा आग्रह ड्रोन चालवणाऱ्यासमोरच्या पडद्याविषयी आहे. ओळख न पटलेलं वाहन शत्रूच्या रंगात दाखवणारा पडदा बनवूच नये. त्याला स्वतःचा रंग हवा, ‘ठाऊक नाही’ असं लिहिलेलं हवं, आणि त्यावर मारा करायचा तर खुणेच्या अभावाखेरीज दुसरं कारण नोंदवल्याशिवाय आज्ञा पुढे जाऊ नये. जिनिव्हा करारांना 1977 साली जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात संशय असेल तर माणसाला नागरिकच समजा, असं स्पष्ट म्हटलं आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. तरी आपण ड्रोन आणि त्यांचे पडदे घरीच बनवू लागलो आहोत. ही ओळ आपल्या नियमांत आपणच लिहून घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

काबूलमध्ये 29 ऑगस्ट 2021 ला अमेरिकी ड्रोन एका पांढऱ्या कोरोलाच्या मागे सुमारे आठ तास होते. विमानतळावरच्या स्फोटाला तीन दिवस झाले होते आणि पुढचा हल्ला पांढऱ्या कोरोलातून होईल अशी खबर होती. काबूलच्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसणारी गाडी हीच. कसलीही खूण नसलेल्या गाडीला तिचा रंग आणि तिची जातच खूण म्हणून चिकटली. ती चालवणारा माणूस एका अमेरिकी मदतसंस्थेत कामाला होता. तो मेला, त्याच्यासोबत आणखी नऊ जण मेले. दहापैकी सात मुलं होती. गाडीत कॅन चढवताना वरून पाहणाऱ्यांना दिसले होते आणि ती स्फोटकं ठरली. सरकार कोसळल्यापासून त्याच्या वस्तीत पाणी येत नव्हतं. तो ऑफिसातून पाण्याचे कॅन भरून घरी नेत असे.